पोटावरचा हात

मी नर्स होते. चांगली होते की वाईट, ते ज्यांच्या अंगाला माझा हात लागला त्यांना विचारा. जीभ मात्र माझी तिखट होती, हे मी आपणहून कबूल करते. मी वॉर्डात शिरले की नातेवाईक बिड्या विझवायचे आणि पेशंटच्या खाटेवर टेकलेले पाहुणे मुकाट्यानं खाली उतरायचे.

आमचा दवाखाना एका ट्रस्टचा होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझी माणसं आहेत. दोन वॉर्ड, एक ऑपरेशनची खोली आणि मागं पत्र्याचं शेड, तिथं नातेवाईक तीन दगडांच्या चुली मांडायचे. महिन्यातून दोन गुरुवारी सोलापूरहून एक सर्जन यायचे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी त्यांनी एका लांबट पेटीतून दुर्बीण आणली. काळी, बोटाएवढी जाड, वाकणारी, आणि माणसाच्या कमरेपेक्षा उंच भरेल एवढी लांब. पेशंटला डाव्या कुशीवर निजवायचं, गुडघे पोटाशी घ्यायला लावायचे आणि मागच्या वाटेनं ती आतड्यात हळूहळू सारायची. बाहेरच्या टोकाला साहेब डोळा लावून बघायचे.

आतडं मिटलेलं असतं. ते उघडून बघायचं तर आत हवा भरावी लागते, आणि माणसाला खरं छळते ती ही हवा. शिवाय आतड्याला वळणं असतात. वळणावर दुर्बीण अडली की पुढं सरकायच्या ऐवजी आतच तिचं वेटोळं होतं, आतडं ताणलं जातं आणि भल्याभल्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात. भूल द्यायची सोय नव्हती. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन असेल तेवढ्यापुरते यायचे, दुर्बिणीसाठी कोण त्यांना बोलावणार? साहेबांना त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की जागा माणूस बरा, दुखलं की सांगतो, आणि तो सांगतो म्हणून आपण आतड्याला इजा व्हायच्या आधी थांबतो. ऐकायला ठीक होतं. साहेब मोठ्या शहरात शिकलेले, तिकडची माणसं सांगत असतील. आमची सांगत नव्हती.

कशी सांगणार? बहात्तरच्या दुष्काळात मी स्वतः शाळा सोडून बेंबळीच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. हातोडी बोटावर बसली तरी कुणी तोंडातून आवाज काढत नव्हतं, कारण ओरडला तो कामाला कच्चा, आणि कच्च्याला मुकादम दुसऱ्या दिवशी परत पाठवायचा. तीच माणसं दहा वर्षांनी आमच्या टेबलावर निजायची. साहेब विचारायचे, दुखतंय का? न्हाय साहेब. कपाळावर घाम डवरलेला, नाडी धावतेय, बोटं गादीत रुतलेली, आणि वर न्हाय साहेब. हवेचीही तीच गत. भरलेली हवा सोडून दिली तर माणूस मोकळा होतो. पण साहेबांसमोर, त्यात बाईमाणसासमोर, आवाज करून सोडायची? जीव गेला तरी नाही. पोट टम्म फुगायचं आणि मालक आपले गच्च आवळून पडलेले.

पहिलं वर्षभर मीही या आगीत तेलच ओतलं. माझं काम खांदे दाबून धरायचं. मी म्हणायची, गप पडा, हलू नका, साहेबांचं लक्ष जातं. गप पडला त्याला शाब्बास म्हणायची आणि कण्हला त्याला झापायची. मला वाटायचं, मी साहेबांना मदत करतेय.

माझे डोळे उघडले ते कळंबच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईमुळं. तिचा तोंडाचा पट्टा टेबलावर चढल्यापासून सुरू झाला तो उतरेपर्यंत. अब दुखरा, अब नै, ठैरो जी, अब चलो. मधेच साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि हवा तर अशी सोडली की माझ्या हातातला ट्रे हलला. मला राग आला होता, पण साहेब हसत होते. एरवी अर्धा तास झटापट व्हायची, तिचं काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं. जाताना ती माझा हात धरून म्हणाली की बांगडी चढवताना बाई बोलत राहिली की हात ढिला पडतो, गप बसली की बांगडी फुटते. हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

तेव्हापासून मी खांदे धरायचं सोडलं. आधी दुर्बीण कोमट पाण्यानं पुसून घ्यायची, कारण गार वस्तू लागली की माणूस आखडतो. अंगावर चादर अशी घालायची की लागेल तेवढंच उघडं राहील. पुढं काय करणार ते करायच्या आधी सांगायचं. आणि पोटावर हात. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला तळहात सपाट ठेवून बेतानं दाबायचं, म्हणजे आत वेटोळं व्हायला जागा राहत नाही आणि वाकडं होऊ बघणारं सरळ होतं. दुखलं म्हटलं की साहेब दुर्बीण जराशी मागं घ्यायचे, हवा काढायचे, सरळ करून पुन्हा पुढं. हवा सोडायला माणसं लाजली की मी म्हणायची, सोडा खुशाल, इथं कुणी सोयरीक जुळवायला बसलेलं नाही. आंबट चेहरा करून का होईना, माणूस हसायचा, आणि हसला की पोट सैल पडायचं.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत नीट जमली नाही, ती म्हणजे एनिमाचं पाणी. टँकरची वाट बघणारी ती माणसं. पोट साफ व्हायला सकाळी दोन-तीन वेळा पाणी चढवावं लागे. पाणी आतून स्वच्छ येईपर्यंत थांबू नका म्हणून कितीही सांगा, एकदा झालं की ते म्हणायचे, बास बाई, एवढ्यात माझी शेरडं पाणी प्याली असती. मग आत काही दिसायचं नाही आणि सगळा खटाटोप फुकट.

आता सासऱ्यांचं सांगते. त्यांचंच सांगायला बसले आहे.

आम्ही ढोकीजवळ एका गावात राहायचो. विहाराच्या पाठीमागं आमची दोन खोल्यांची जागा होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा एसटीत कंडक्टर, मी रोज बसनं दवाखान्यात, आणि सासरे साखर कारखान्यावर हंगामी कामाला. गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या टाकायचं काम. उंच, काटक माणूस. नवरा त्यांना आबा म्हणायचा, मी मामा म्हणायची, पण म्हणायची म्हणजे मनातल्या मनात, कारण आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं हो. रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, आणि सासऱ्यानं सुनेला नावानं हाक मारायची नाही. त्यांना पाणी हवं असलं की ते दारात उभे राहून हवेला सांगायचे, जरा पाणी मिळालं तर बरं हुईल. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि आत वळायची. धर्म बदलला, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, मी शिकून नोकरीला लागले, पण ही रीत आमच्या घरात तशीच राहिली. अकरा वर्षं. त्यात मला काही वावगंही वाटत नव्हतं. दवाखान्यात मात्र ते तोवर कधी आले नव्हते, कारण तिथं माझ्या डोक्यावर पदर नसायचा, पांढरी टोपी असायची.

ते आजारी आहेत हे मला त्यांच्या धोतरावरून कळलं. कधी नाही ते स्वतःचं धोतर स्वतः धुवायला लागले, तेही पहाटे, कुणी उठायच्या आत. पुढं जिभेचा रंग उडाला, चालताना धाप लागायला लागली. एकदा धोतर घाईत नीट धुतलं गेलं नाही आणि दोरीवर मला डाग दिसला. मी नवऱ्याला म्हटलं, येत्या गुरुवारी साहेबांकडं घेऊन चला. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, मूळव्याध हाय, उष्णतेनं हुतंय. किती दिवसांपासून? आता झालं की वर्ष. वर्षभर रक्त पडत होतं आणि घरात नर्स होती. मला असा संताप आला की हातातलं पातेलं मी आदळलं. पण बोलायचं कुणाशी?

गुरुवारी नवऱ्यानं त्यांना कसंबसं दवाखान्यात आणलं आणि साहेबांनी तपासलं. बोटाला काही लागत नव्हतं, पण डाव्या अंगाला पोट त्यांना बरं वाटलं नाही. दुर्बिणीनं वर बघायला हवं म्हणाले. काय आहे आणि कुठं आहे ते डोळ्यानं दिसल्याशिवाय पोट उघडणार नाही, आणि उघडायचं असेल तर उशीर चालणार नाही. मी दुसऱ्या सिस्टरला सांगून बघितलं, पण ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती आणि पोटावर हात ठेवायचं तंत्र माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. झालं, मलाच उभं राहावं लागलं.

दुर्बिणीचा गुरुवार आला. मामा टेबलावर भिंतीकडं तोंड करून निजले. मी आत आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. त्यांच्या पायांपलीकडं मी कधी त्यांच्या अंगाला हात लावला नव्हता, आणि आता पोटावर ठेवायचा. त्यांचं अंग लाकडासारखं झालं. साहेबांनी हवा भरली. दुखतंय का बाबा? न्हाय साहेब. माझ्या तळहाताखाली पोट कडक होत चाललेलं मला कळत होतं. मी एरवीचं एकही वाक्य बोलले नाही. सोडा खुशाल म्हणायची माझी छातीच झाली नाही. सासऱ्याला असं कोण म्हणेल? दुखतंय का? न्हाय. मग नाडी एकाएकी मंदावली, ओठ पांढरे पडले, आणि साहेबांनी भराभर सगळं बाहेर काढलं. दुर्बीण वळणापर्यंतसुद्धा गेली नव्हती.

बाहेर आल्यावर साहेब माझ्यावर उखडले. म्हणाले, सगळ्या गावाला बोलायला लावता आणि घरचा माणूस मुका? पुढच्या खेपेला ते बोलणार नसतील तर मी दुर्बीण घालणार नाही, आतडं फाटलं तर इथं त्यांना वाचवायला कुणी नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. आणि बघितल्याशिवाय ऑपरेशन नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पुढचा गुरुवार पंधरा दिवसांनी होता. त्यातले बारा दिवस मी गप्प घालवले. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही समजवा. तो म्हणाला, काय समजवू, बापाला सांगू की बायकोसमोर हवा सोडा म्हणून? तेराव्या दिवशी मामा दारात उभे राहून हवेला म्हणाले, च्या झाला असंल तर बघावं. मी कप घेऊन गेले, पण उंबऱ्यावर ठेवला नाही. त्यांच्या हातात दिला आणि समोर खाली बसले. म्हटलं, मामा, मी तुमच्याशी बोलणार आहे, राग आला तर येऊ द्या. मग जे बोलले ते एका दमात. की गुरुवारी तुम्ही दुखणं लपवलंत म्हणून साहेबांना परत फिरावं लागलं. की मला तुमच्या पोटात दिसत नाही, फक्त हाताला कळतं, आणि हाताला सगळं कळत नाही. की दुखलं तर दुखलं म्हणा, हवा आली तर सोडा, मी दर खेपेला दहा जणांची ऐकते आणि संध्याकाळी येऊन भाकरी खाते. आणि तुम्ही नाही बोललात तर मला आयुष्यभर खात राहील.

ते चहा पीत राहिले. माझ्याकडं बघितलं नाही. कप रिकामा झाल्यावर मात्र त्यांनी तो खाली न ठेवता माझ्या हातात दिला. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

त्या गुरुवारी मी चादर दुहेरी घातली आणि त्यांच्या पाठीमागं उभी राहिले, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसायचं नाही. हात तेवढा पोटावर. साहेब मला सांगत होते आणि मी मामांना, आता गार लागेल, आता ताण येईल, आता हवा येतेय. पहिल्या वळणापाशी पोट कडक व्हायला लागलं. मी दाबलं. आणि तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला, भिंतीशी नव्हे, हवेशी नव्हे.

"पोरी, दुखतंय. लई दुखतंय."

मी साहेबांना थांबा म्हटलं, जरा जोरातच. साहेबांनी मागं घेतली, हवा काढली. मामांनीही सोडली. कुणी हसलं नाही. त्यानंतर ते बोलत राहिले, आता हाय, आता न्हाय, आता जरा हलकं वाटतंय. मी हात सरकवत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दुर्बीण वळण ओलांडून वर गेली.

थोड्या वेळानं साहेब बाजूला झाले आणि मला डोळा लावायला सांगितला. एरवी ते मला कधी दाखवायचे नाहीत. मी बघितलं. मला कुणी नाव सांगायची गरज नव्हती. साहेबांनी चिमट्यानं एक तुकडा काढून घेतला आणि बाटलीत ठेवला, पण तो तपासून यायच्या आधीच आम्हा दोघांना काय ते कळलं होतं.

पडद्यापलीकडं साहेबांनी नवऱ्याला सांगितलं. कॅन्सर आहे, पण गाठ मोठी नाही, आणि हाताला लिव्हर साफ लागतंय. पंधरा दिवसांत सोलापूरला आणा, तेवढा भाग काढून टाकू, आशा आहे. नवरा भिंतीला टेकला. मग त्यानं साहेबांना हात जोडले, आबांना सांगू नका. आमच्या गावात एकाला असंच डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, त्यानं त्या दिवसापासून भाकरी सोडली आणि महिन्याच्या आत गेला. नाव कानावर पडलं की माणूस जातो, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती. साहेब म्हणाले, नाव सांगू नका हवं तर, पण आणा. बाहेर आल्यावर नवऱ्यानं माझा दंड धरला आणि माझ्याकडूनही वचन घेतलं. मी दिलं. मला ते बरोबरच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

एसटी स्टँडवर नवरा डेपोतल्या कुणाशी बोलायला गेला आणि मामा आणि मी एका बाकावर बसलो. असे आम्ही कधी बसलो नव्हतो. मधे एका माणसाची जागा सोडली होती. थोड्या वेळानं ते म्हणाले,

"पोरी, तू डोळ्यानं बघितलंस. काय हाय आत?"

मी पदर सारखा केला. "काही नाही मामा. साधी गाठ आहे."

"साधी?"

"साधी."

त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, तरी काढून टाकायला लागते, सोलापूरला जाऊ. बस आली.

तुकड्याचा कागद आला, त्यात तेच होतं. नवऱ्यानं रजा टाकली, उसनंपासनं न करता जमलं, कारण माझा पगार होता. आणि मामांनी नकार दिला. सरळ नकार. म्हणाले, साधी हाय तर पोट कशाला फाडायचं? नवरा समजावत राहिला आणि ते एकच सांगत राहिले, सुनेनं बघितलंय, ती नर्स हाय, ती म्हणली साधी हाय. कारखान्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होणार होता. हंगाम उरकला की बघू म्हणाले. विहारासमोरच्या कट्ट्यावर कुणी तब्येत विचारली तरी तेच. आमच्या सुनेनं आत डोळा लावून बघितलंय, काय न्हाय, साधी गाठ.

आता कुणी म्हणेल, मग त्याच दिवशी खरं का सांगितलं नाहीस? नवरा म्हणायचा, तू बोललीस, तूच निस्तर. मी म्हणायची, वचन तुम्ही घेतलंत, तुम्ही सोडवा. असे आम्ही एकमेकांवर ढकलत राहिलो. मी त्यांना म्हणायची, मामा, साधी गाठही वाढते. ते म्हणायचे, वाढू दे, हंगाम संपला की जाऊ. पण ते सगळं खरं कारण नाही. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामा माझ्याशी बोलायला लागले होते. त्या गुरुवारनंतर हवेशी बोलणं संपलं. कामावरून आले की चुलीपाशी पाटावर बसायचे आणि सांगायचे, आज गव्हाण दोनदा तुंबली, आज अमक्याचा बैल बसला, तुझ्या सासूच्या हातची अंबाडीची भाजी अशी असायची. माझा बाप मी लहान असताना गेला. तिशी उलटल्यावर मला कुणीतरी पोरी म्हणत होतं. खरं सांगितलं की हे थांबेल, या भीतीनं मी रोज उद्यावर टाकत गेले. नर्स होते मी. आत काय वाढतंय ते मला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

त्या साली पाऊस कमी झाला होता, ऊस कमी आला, आणि हंगाम फाल्गुनातच उरकला. तोवर मामांची भाकरी अर्ध्यावर आली होती. एका दुपारी ते कारखान्यावरून शेवटचे म्हणून परतले, पाटावर बसले आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, पोरी, इथं टणक लागतंय गं, बघ जरा. मी हात ठेवला. उजव्या अंगाला, बरगडीखाली. लिव्हरवर गाठी हाताला लागत होत्या. मी तिथंच सांगून टाकलं. म्हटलं, मामा, मी तुमच्याशी खोटं बोलले. ती साधी गाठ नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं.

त्यांनी चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

"तवाच?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, बाहेर गेले, हातपाय धुतले आणि परत येऊन म्हणाले, गुरुवार कधी हाय?

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. ऑपरेशन झालं नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मृग लागायच्या आधी ते घरीच गेले. शेवटपर्यंत दुखलं की मला सांगायचे आणि मी जे देता येईल ते द्यायची. पण मला झोप येत नाही ती त्यामुळं नाही. ती त्या गुरुवारमुळं.

साहेबांनी तपासलं, हात धुतले, आणि टॉवेल तसाच हातात धरून आमच्यासमोर उभे राहिले. खोलीत मामा, नवरा आणि मी. साहेब रागानं लाल झाले होते. पंधरा दिवसांत आणा म्हणून सांगितलं होतं, पाच महिने काय करत होतात? नवऱ्यानं मान खाली घातली. मग साहेब माझ्याकडं वळले. म्हणाले, सिस्टर, तुम्ही घरात होता, तुम्ही स्वतः बघितलं होतं. खरं सांगून तरी आणायचं होतं. सांगितलं नाही तुम्ही यांना?

मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात टेबलावरून मामा बोलले.

"तिनं सांगितलं हुतं साहेब. रोज सांगायची. म्याच ऐकलं न्हाय."

ते माझ्याकडं बघत नव्हते. सदऱ्याची बटणं लावत होते. साहेबांनी टॉवेल फेकला आणि त्यांना बोलायला लागले. चांगली शिकलेली सून घरात असून तिचं ऐकत नाही, वर्षानुवर्षं आम्ही घसा कोरडा करतो, तुम्ही माणसं अडाणी ती अडाणीच राहणार. मामा व्हय साहेब, व्हय साहेब म्हणत राहिले. माझ्याजवळ ट्रे होता. मी त्यातले चिमटे एकेक करून ओळीनं लावत उभी राहिले आणि साहेबांचं बोलणं संपेपर्यंत एक शब्द बोलले नाही.